डालग्याखालचा संगणक

जुनं ते सोनं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. घरातला जुना मिक्सर मी हसत हसत भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला आणि सासूबाईंची लोखंडी खाट त्यांच्या डोळ्यांदेखत विकली. त्यामुळे शाळेतल्या एका म्हाताऱ्या संगणकासाठी मी साहेबांशी वाद घातला, याचं घरच्यांना अजून हसू येतं. हसू देत. त्या वादाचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

माझी शाळा गडाच्या पायथ्याच्या पाली गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सपाटीवरच्या वाडीत. दोन खोल्या, पहिली ते चौथी, आणि शिकवायला मी एकटी. मुलं बहुतेक शेरडं-मेंढरं राखणाऱ्या घरांतली, काही शेतकऱ्यांची. चौथी झाली की ती खालच्या मोठ्या शाळेत जातात. गडावर येणाऱ्या पुण्याच्या काही मंडळींनी आपल्या ऑफिसातले जुने संगणक शाळांना वाटले, त्यातला एक आमच्या वाट्याला आला. टेम्पो जिथपर्यंत येतो तिथून पुढे तो माणसांच्या डोक्यावरून आला. मॉनिटर मागून भला मोठा फुगलेला, जुन्या टीव्हीसारखा. तो एका आजीने चुंबळीवर पेलला आणि वाटेत कुणाला हात लावू दिला नाही.

तेव्हाच तो म्हातारा होता. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तोवर मुलांचे पाढे म्हणून व्हायचे. त्याच्या आतलं घड्याळ मेलेलं होतं, म्हणून दर वेळी तो आपल्याच जन्मसालात जाऊन बसायचा आणि पडद्यावर एफ-वन दाबा असं सांगायचा. माझ्या पहिलीच्या पोरांना अ-आ-ई लिहिता येण्याआधी एफ-वन कुठे आहे ते कळलं. पण सुरू झाला की मराठी टाइप व्हायचं, चित्रं काढता यायची, गणितं करता यायची. आम्हाला आणखी काय हवं होतं?

मला मात्र त्याहून जास्त काहीतरी हवं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझं माहेरही असंच, वेल्ह्याच्या डोंगरातल्या मेंढपाळांच्या वस्तीवरचं. बारावीनंतर मी भोरला कॉलेजात गेले. पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी संगणक सुरू करायला सांगितलं. मी मॉनिटरचं बटण दाबलं. पडदा काळाच. पुन्हा दाबलं, पुन्हा काळाच. खाली एक डबा असतो, आधी तो सुरू करायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बटण दाबत राहिले आणि मागून एक मुलगी म्हणाली, "अगं, तो टीव्ही आहे का तुझ्या घरचा?" सगळा वर्ग हसला. आमच्या घरी टीव्ही नव्हताच. त्यानंतर वर्षभर मी त्या खोलीत शेवटच्या खुर्चीवर बसले आणि कशालाही आपण होऊन हात लावला नाही.

माझ्या वाडीतल्या कुठल्याही पोराचं खाली जाऊन असं हसं व्हायला नको, एवढीच माझी गरज होती. बाकी संगणक जुना का नवा, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

आमच्याकडे पावसाळा म्हणजे चार महिने धुकं खोलीत येऊन बसतं. पाऊस अडवायला भिंतीला बाहेरून गवताची झड बांधली तरी वह्या मऊ पडतात, खडू लिहीत नाही. पहिल्याच पावसाळ्यात संगणक रुसला. बटण दाबलं की नुसती गुरगुर. एका उघडिपीत, ऊन पडलेलं असताना, तो आपला आपण सुरू झाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्याला रोग नाही, ह्याला गारठा झालाय. आता गारठ्याचं औषध मला माहेरून माहीत. पावसात जन्मलेली करडं आम्ही डालग्याखाली ठेवतो, म्हणजे बांबूच्या मोठ्या पालथ्या टोपलीखाली, आणि आत एक पिवळा बल्ब लावतो. मी शेजारच्या घरातून डालगं मागून आणलं, शाळा सुटताना संगणकावर पालथं घातलं आणि बाजूला लहानसा बल्ब सोडला. सकाळी डबा हाताला कोमट लागला आणि एका बटणात सुरू झाला. त्या दिवशी मी पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले. माझी अक्कल मलाच इतकी आवडली होती.

शाळेची किल्ली शाळेला लागून असलेल्या घरी असायची. त्या घरची बाई आमच्या शाळा समितीची अध्यक्ष. तिला मी आक्का म्हणते. तिची थोरली लेक तेव्हा माझ्याकडे चौथीत होती. शनिवारी मी घरी जाताना आक्काला सांगून जायचे, "बल्ब तेवढा बघा." आक्का बघायची, जीव लावून बघायची. आणि त्यातूनच घोटाळा झाला.

एका रविवारी पावसाने कहर केला. आक्काचं एक करडू भिजून काकडलेलं, तिच्या घरची लाइट गेलेली. ती शाळेतला बल्ब बघायला आली, शाळेची लाइन वेगळी म्हणून तिथे उजेड होता, आणि तिने पाहिलं की डालगं आहे, ऊब आहे, अर्धी जागा मोकळी आहे. मेंढपाळाच्या घरात वाढलेल्या कुठल्याही बाईने जे केलं असतं तेच तिने केलं. करडू आत सरकवलं, डालगं नीट बसवलं, वर दगड ठेवला.

सोमवारी मी आले तर करडू टुणटुणीत. रात्रभर ऊब मिळाली आणि भूक लागली, तशी त्याने माउसची वायर खाल्ली, कीबोर्डची अर्धी चघळली आणि उरलेल्या कीबोर्डवर जे करायचं ते करून ठेवलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मी भडकले. आक्का पदर तोंडाला लावून उभी.

"म्या म्हनलं, डालगंच हाय की," ती म्हणाली. "ऊब वाया कशाला जाऊ द्यायची, बाई?"

तिच्या जागी माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं, आणि खरं सांगायचं तर मीही. मला हसू फुटलं. आक्काला मात्र ते हसू खरं वाटलं नाही. तेव्हापासून ती त्या संगणकाकडे बघायचीच नाही. कोपऱ्यातून जाताना मान वळवायची.

मी डबा पोत्यात बांधला, दोन एसट्या बदलून भोरला नेला. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला आणि आतून गवताचा एक तुरा काढून माझ्यासमोर धरला.

"मॅडम, हा आता म्युझियमला द्या."

"मला सल्ला नको, कीबोर्ड हवाय," मी म्हटलं.

तो चांगला माणूस होता. कुरकुरत का होईना, त्याने धूळ उडवली, आतल्या घड्याळाचा सेल बदलला, दुसऱ्या एका मेलेल्या संगणकातली मेमरी काढून ह्यात घातली, जुना कीबोर्ड-माउस जोडून दिला. यंत्र पहिल्यापेक्षा बरं चालायला लागलं. एफ-वन दाबायची गरज संपली, याचं पोरांना वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी वरून सूचना आली. शाळांमधली जुनी, निकामी यंत्रं कागदोपत्री काढून टाकायची. निकामी दाखवलं तर नव्यासाठी नंबर लागणार, चालू दाखवलं तर अर्थातच नाही. आजूबाजूच्या शाळांनी पटापट लिहून दिलं. मी मात्र अडले. नवा आला तर कुणाला नको होता? पण नंबर लागणार म्हणजे कधी, ते कुणी सांगेना. आमचा पट एवढासा, आमचा नंबर कितवा असणार ते न सांगताही कळत होतं. मधल्या काळात चौथीची पोरं खाली जाणार, आणि हात न लावताच जाणार. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं, तेही दुसऱ्याच्या पोरांच्या जिवावर? उलट बाजूने मन म्हणायचं, बाई, तुझ्या हट्टापायी ह्या मुलांचं नवं यंत्र हुकलं तर? दोन्ही बाजू मला खऱ्या वाटत होत्या.

शिक्षण खात्याचे साहेब तो अर्ज भरून घ्यायला आले ते शनिवारच्या सकाळच्या शाळेला. समितीच्या अध्यक्ष म्हणून आक्कालाही बोलावलं. साहेबांनी मॉनिटरच्या फुगलेल्या पाठीवर टिचकी मारली.

"मॅडम, ह्याच्यात जीव अडकलाय का तुमचा?"

"जीव नाही साहेब, वर्ग अडकलाय."

"कुणी वापरत नाही असली यंत्रं आता. मुलांच्या घरी मोबाईल आहेत."

"मोबाईल बापाच्या खिशात आहे आणि बाप मेंढरांमागे आहे. हा इथे आहे."

साहेब आक्काकडे वळले. आक्का खाली बघत म्हणाली, "बाई, जाऊ द्या आता. लई झालं त्येचं. माझ्या करडापायी तुमाला एवढा ताप झाला. नवं यील." माझीच माणसं माझ्याविरुद्ध. मी पेन शोधायला लागले, आणि खरंच सांगते, त्या क्षणी निकामी लिहिण्याच्या फार जवळ आले होते.

तेवढ्यात आक्काची थोरली लेक धाकट्या भावाला न्यायला दारात आली. आता ती खालच्या शाळेत पाचवीत होती. साहेबांनी गमतीने तिला विचारलं, "काय गं, खाली नवे कोरे संगणक आहेत ना? हा डबा बघून आता कसं वाटतं?"

"मोटा वाटतुया," ती म्हणाली. "पर तसाच हाय. खालचं बटन आदी, मग वरचं."

"तुला येतं सुरू करायला?"

"व्हय. पयल्या दिवशी सरांनी इचारलं, कुनाकुनाला येतं. आमच्या वर्गात म्या येकलीनंच हात वर केला. मग सर म्हनले, ये, चालू कर. म्या केला. माजं नाव लिवलं, वाडीचं नाव लिवलं. आता सर मलाच म्हनत्यात, बाकीच्यास्नी दाव."

आक्काने पहिल्यांदा मान वर करून त्या कोपऱ्यातल्या संगणकाकडे नीट पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. मी त्या अर्जावर मोठ्या अक्षरात चालू लिहिलं आणि कागद आक्कापुढे सरकवला. तिने पेन घट्ट धरून, एकेक अक्षर जुळवत, पूर्ण सही केली. साहेबांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. "बघा, मग नव्याचं माझ्याकडे मागायचं नाही," ते म्हणाले. पण म्हणताना हसत होते.

मुलगी भावाचं दप्तर उचलून निघाली. मला राहवलं नाही. इतक्या वर्षांनी अजून ते मला विचारायचं होतं. मी तिला पडवीत गाठलं.

"तू एकटीच उठून पुढे गेलीस ना गं, सगळ्यांसमोर. तेव्हा कुणी हसलं का तुला?"

तिने भावाचं दप्तर खांद्यावर सरकवलं. प्रश्नच तिला कळला नव्हता.

"कशापायी हसत्याल, बाई?"