पहिला चमचा जर्सीला

शुक्रवारी सकाळी, गॅसवरचे दूध उतू जाण्याच्या बेतात असताना, आमच्या अकरा महिन्यांच्या मुलीने ओट्सच्या खिरीचा पहिला चमचा आजीच्या पदरावर थुंकला. दुसरा चमचा तिने तोंडात घेतलाच नाही. तिसरा हाताने उडवला. तो कॅलेंडरवर जाऊन बसला आणि तिथेच वाळला.

घर मंचरहून येताना कळंबच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत आहे. पुढे अंगण, बाजूला गोठा, गोठ्याला बिबट्या शिरू नये म्हणून लावलेली लोखंडी जाळी. घरात मुलीचे आजी-आजोबा, म्हणजे माझे आईवडील, आम्ही दोघे आणि मुलगी. मुलीची आई मंचरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासण्याचे काम करते. बाळंतपणाची रजा संपली होती, नंतर वाढवून घेतलेलीही संपत आली होती. सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरे माणूस बघतो, असा निरोप लॅबमधून आला होता.

अडचण सकाळची होती. दुपारी वरणभात, संध्याकाळी खिचडी, यांना मुलीची हरकत नव्हती. सकाळी मात्र तिला आईच लागे, आणि आई समोर दिसली की चमच्याला तोंड उघडत नसे. मुलीच्या आईने स्वतःच एक अट घालून घेतली होती. ती समोर नसताना, दुसऱ्या कुणाच्या हातून मुलीने सकाळची वाटी संपवली पाहिजे. सोमवारी ते झाले तर ती लॅबमध्ये पाऊल टाकणार होती. झाले नाही तर मंचरच्या स्टँडवरूनच परत फिरणार होती. ती बोलते ते करते. लग्न ठरताना तिच्या माहेरच्यांनी ही माहिती दिली होती. आमच्याकडच्यांनी ती गांभीर्याने घेतली नव्हती.

ओट्सचे पाकीट मुलीच्या मामाने आळेफाट्याहून आणले होते. मुलीच्या आईने त्यातले थोडे ओट्स तव्यावर कोरडेच भाजले, मिक्सरमध्ये त्यांची भरड केली आणि बरणीत भरून ठेवली. सकाळी दोन चमचे भरड पाण्यात कालवायची, मंद आचेवर ढवळत शिजवायची, शेवटी थोडे दूध आणि कुस्करलेले केळे. केळे नसेल तर भिजवून वाटलेला खजूर. गोड नको त्या दिवशी मुगाचे वरण, उकडून कुस्करलेले गाजर आणि वरून थेंबभर तूप. साखर नाही, मीठ नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. भाजी चिरून होते तेवढ्या वेळात वाटी तयार.

यातल्या मधाच्या कलमावर आजीचा आक्षेप होता. पण तो चर्चेला येण्याआधीच दुसरे प्रकरण उभे राहिले.

पदर धुऊन आल्यावर आजीने विचारले, "हे कशाचं हाय नक्की?"

"ओट्स आहेत, आई," मुलीची आई म्हणाली.

"ते कळलं. कशाचं असतंय ते?"

आजोबा चहा पीत बसले होते. त्यांनी पाकीट उचलले, ओट्सचा एक पोहा तळहातावर घेतला, नखाने दाबला, मग दाताखाली धरला. आजोबा शब्द जपून वापरतात.

"ओट हाय," ते म्हणाले. "विहिरीवरच्या तुकड्यात केलाय तोच. दाणा चेपलाय निस्ता."

विहिरीवरच्या तुकड्यात दर हिवाळ्यात ओट असतो. आमच्या भागात ज्याच्या दावणीला दुभती जनावरे आहेत, त्याच्याकडे तो असतोच. हिरवा कापायचा, कुट्टी करायची, गाईपुढे टाकायची. त्याला दाणा धरू देत नाहीत, त्यामुळे ओटाचा दाणा माणूस खातो ही बातमी घरात पहिल्यांदाच पोचत होती.

आजीने मुलीकडे पाहिले, वाटीकडे पाहिले, मग सुनेकडे. "पोरीला वैरण घालती व्हय गं तू?"

"आई, शहरात सगळे खातात."

"शहरात गोठं नसत्यात. त्यास्नी काय म्हाईत?"

"माझ्या माहेरी, जुन्नरलाही खातात."

"जुन्नरचं नको सांगू मला. आमी आंबेगावची मान्सं. आमी नाचणी खातो."

पाकीट मामाने आणलेले, म्हणून ते फेकता येत नव्हते. उष्टावणाला पहिला घास ज्याने भरवला त्याची वस्तू टाकणे आजीच्या नियमात बसत नाही. पाकीट फडताळात सगळ्यात वर गेले, त्याच्यापुढे नाचणीच्या सत्त्वाचा डबा आला.

बातमी बाहेर कशी गेली, हे कळू शकलेले नाही. घरातल्या चौघांनीही जबाबदारी नाकारली. संध्याकाळी मी डेअरीवर दूध घालायला गेलो, तेव्हा ती माझ्याआधी पोचली होती.

"काय राव, पोरीला वैरण चालू केली म्हनं?" रांगेतल्या एकाने विचारले.

"मग, फॅट किती लागली?" दुसरा म्हणाला.

"आरं, फॅट न्हाई वाढायची निस्त्या ओटावर. थोडा मक्याचा मुरघास दे की भाऊ, अंगाला लागंल पोरीच्या."

"रवंथ करती का पन? न करंल तर डॉक्टरला दाखव. कळंबचा नको, जनावरांचा दाखव."

दूध मापणाऱ्याने माझी किटली घेतली आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने विचारले, "ह्यात तुमच्या मुलीचं किती?"

शनिवारी सकाळी आजीने तोडगा काढला. आमच्या घरी तव्यावरची पहिली भाकरी गाईची. आजी ती मोडून गोठ्यात नेते, गाईच्या तोंडात देते आणि मगच बाकीच्यांची ताटे होतात. नवा गूळ, नवे तांदूळ, पहिले आंबे, सगळे आधी गाईपुढे. गाईने तोंड लावले की ते घरात चालते.

"वाटी गाईपुढं धरायची," आजी म्हणाली. "तिनं तोंड लावलं तर पोरगी खाईल. न्हाई लावलं तर सोमवारपास्नं नाचणी. कबूल?"

"कबूल," मुलीची आई म्हणाली. गाय रोज पाटीभर ओट खाते, हे तिने पाहिले होते. तिला निकालाची खात्री होती.

दाराशेजारच्या खुंट्याला तांबूस जर्सी असते. तिच्यापुढे केळे घातलेली कोमट वाटी धरण्यात आली. तिने हुंगले, मोठ्याने फुरफुरली आणि मान भिंतीकडे वळवली. आजीच्या चष्म्यावर केळ्याचे शिंतोडे उडाले.

"बघा," चष्मा पुसत आजी म्हणाली. "जनावर बी खात न्हाई."

"स्टीलच्या वाटीत ती पाणी बी पीत न्हाई," आजोबा म्हणाले. त्यांनी वाटी घमेल्यात उपडी केली आणि घमेले पुढे सरकवले. जर्सीने जीभ फिरवली. एकदा, दोनदा. मग घमेले लोटत लोटत दाव्याच्या टोकापर्यंत गेली आणि त्याचा तळ चाटून स्वच्छ केला.

"खाल्लं," मुलीची आई म्हणाली.

"खानारच," आजी म्हणाली. "वैरणच हाय ती."

गाईने नाकारले तर ते खाण्यालायक नाही आणि स्वीकारले तर ते गुरांचे, अशी व्यवस्था असेल तर चाचणी कशासाठी घेतली, असा प्रश्न मी विचारला.

उत्तर दुसरीकडून आले. मुलगी आजोबांच्या कडेवर होती. जर्सीची जीभ घमेल्यात फिरताना पाहून ती आधी गप्प झाली, मग हसली, मग तिने स्वतःची जीभ बाहेर काढली. मुलीच्या आईने सोबत आणलेल्या पातेल्यात थोडी खीर उरली होती. आजोबांनी तिच्यात बोट बुडवून त्या जिभेला लावले. जीभ आत गेली. पुन्हा बाहेर आली.

"आणा दुसरी वाटी," आजोबा म्हणाले.

त्या सकाळी मुलीने चार चमचे खाल्ले. आईने पुढे होऊन पाचवा भरवायला घेतला, तेव्हा मुलीला आई दिसली आणि न्याहारी तिथेच संपली.

म्हणून रविवारी रंगीत तालीम ठरली. भरवायचे आजीने, गोठ्यात, जर्सीसमोर. "वैरण तर वैरण," ती म्हणाली, "पर पोरगी उपाशी ऱ्हायला नको." मुलीच्या आईने घरात थांबायचे, असे ठरले होते. ती थांबली नाही. आजी मुलीला घेऊन यायच्या आत ती गोठ्यात शिरली आणि कोपऱ्यात कापून ठेवलेल्या हिरव्या ओटाच्या पेंढ्यांच्या ढिगामागे बसली. दोन पेंढ्या अंगावर ओढून घेतल्या. मला अंगणात उभे राहून फक्त जाळीतून दिसत होते तेवढे दिसले. बाकीचा तपशील तिच्याकडून कळला. आजोबांनी तो नाकारलेला नाही.

आजीने मुलीला मांडीवर घेतले. पहिला चमचा घमेल्यात, जर्सीला. दुसरा मुलीला. मुलीने गाईकडे बघत तोंड उघडले. तिसरा चमचा आजीने भरला, जाळीकडे नजर टाकली, मी पाठमोरा होतो, आणि तो स्वतःच्या तोंडात घातला. थोडा वेळ चघळला.

"केळं हाय म्हनून," ती मुलीला म्हणाली. "न्हाईतर काय चव हाय त्याला?" आणि खात्री करून घेण्यासाठी आणखी एक खाल्ला.

याच वेळी जर्सीने मान वळवली. मुलीच्या आईला ती ओळखते. संध्याकाळची धार मुलीची आईच काढते. जर्सी ढिगाकडे बघून हंबरली. मुलीने गाय बघते तिकडे पाहिले. चमचा हवेत थांबला.

"काय गं? काय हाय तिकडं?" आजीने विचारले. "मांजर आलं का काय?"

आणि याच वेळी आजोबा वैरण टाकायला गोठ्यात आले. त्यांनी ढिगावरची पहिली पेंढी उचलली. दुसरी उचलली. तिसरीखाली सून होती. डोक्यावर ओटाची पाने, गुडघे छातीशी, एक बोट ओठांवर.

आजोबांनी सुनेकडे पाहिले. मग पेंढी तिच्या डोक्यावर पुन्हा ठेवली. तिच्यावर दुसरी ठेवली. पहिलीही ठेवली.

"अवो, टाका की तिला," आजी म्हणाली. "वरडती ती."

"वली हाय वैरण," आजोबा म्हणाले. "वाळू दे जरा."

त्या आठवड्यात पाऊस नव्हता आणि दवही पडले नव्हते. आजोबांनी खोटे बोलल्याची दुसरी नोंद माझ्याकडे नाही. ते ढिगाला पाठ लावून उभे राहिले आणि शिट्टी वाजवू लागले. मुलीने शिट्टीकडे पाहिले, मग गाईकडे, मग चमच्याकडे. वाटी रिकामी होईपर्यंत जर्सी हंबरत होती.

दुपारी आजीने सुनेच्या केसांतून एक हिरवे पान काढले, उलटसुलट करून पाहिले आणि खिडकीबाहेर टाकले. फडताळातले पाकीट मात्र संध्याकाळी नाचणीच्या डब्यापुढे आलेले दिसले.

सोमवारी मुलीच्या आईने भरड शिजवली, केळे कुस्करले, वाटी झाकून ठेवली आणि मुलगी झोपेत असतानाच डबा घेऊन निघाली. मी तिला रस्त्यापर्यंत सोडले. एसटी आली. तिने खिडकीतून हात केला नाही. ती घराच्या दिशेने बघत होती.

परत आलो तेव्हा गोठ्याचे दार आतून लावलेले होते. आजोबा बाहेर उभे होते. मलाही आत जाऊ द्यायचे नाही, असा आजीचा हुकूम असल्याचे त्यांनी सांगितले. आतून मुलीचे रडणे ऐकू आले. मग घमेले सरकल्याचा आवाज. मग आजीचा: "हा तिचा. हा तुझा. आता गप, हा माझा." मग चमचा वाटीत फिरल्याचा आवाज.

फोन वाजला. मुलीची आई मंचरच्या स्टँडवर उतरली होती. मागे कुणीतरी नाशिक, नाशिक ओरडत होते.

"खाल्लं का?"

"दार बंद आहे," मी म्हणालो.

"अहो, मग उघडायला सांगा. परतीची गाडी लागलीय इथे. बसू का लॅबमध्ये जाऊ ते सांगा."

आजोबांनी दारावर थाप मारली. "अगं, सून इचारती."

"सांगा तिला," आतून आवाज आला, "वाटी घासायला पडली."

"बघून सांगा," फोनवरून आवाज आला. "नुसतं ऐकून नको."

दार उघडले. मी वाटी पाहिली आणि रिकामी असल्याचे सांगितले. पलीकडे गाडीचा भोंगा वाजला.

"जाते मी लॅबमध्ये," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

वाटी रिकामी होती. मुलीच्या हनुवटीवर, आजीच्या वरच्या ओठावर आणि जर्सीच्या नाकावर ओट्स होते.