ढिगातलं गोल्फ जॅकेट

काठीने चेंडू मारून भोकात घालायच्या खेळाला वेगळे कपडे लागतात, आणि तोच खेळ पावसात खेळायचा तर आणखी वेगळे लागतात, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. कळलं तेव्हा हसू आलं, पण दाबलं. समोर क्लबचे मॅनेजर होते आणि मला काम हवं होतं.

क्लब चंद्रपूरजवळच्या एका कंपनीच्या अधिकाऱ्यांचा. दर रविवारी साहेब लोक खेळायचे आणि त्यांच्यामागे चालत फटके लिहून घ्यायला कॉलेजची मुलं लागायची. त्या कामावर माझ्या खोलीचं भाडं निघणार होतं. नाहीतर खोली सोडून चामोर्शीकडच्या गावी परतायचं आणि कॉलेजात फक्त परीक्षेला यायचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अर्ध्यातून परतणाराही मीच पहिला ठरलो असतो.

मॅनेजर म्हणाले, "वॉटरप्रूफ गोल्फ जॅकेट कंपल्सरी. स्वतःचं. आणि ते खताच्या पोत्याचे घोंगते डोक्यावर घेऊन येऊ नका. मेंबर लोकांसमोर बरं दिसत नाही."

रोवणीच्या दिवसांत आमचं अख्खं गाव तसे घोंगते घेऊन चिखलात वाकलेलं असतं. साहेबांच्या ताटातला भात तिथूनच येतो. पण बरं दिसत नसेल. मी "हो सर" म्हणालो.

खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्या चपलांकडे पाहिलं आणि एक जॅकेट काढलं. "एकदम रिजनेबल आहे भाऊ." किंमत ऐकून मी बाही उगाच दोनदा उलटी करून पाहिली, म्हणजे निघायला घाई झाली असं वाटू नये. रिजनेबल म्हणजे कुणाच्या हिशेबाने, हे विचारायचं राहूनच गेलं.

शेवटी बाजारात, परदेशी जुन्या कपड्यांच्या ढिगात सापडलं. छातीवर काठी उगारलेला माणूस भरतकामात काढलेला. विकणाऱ्याने बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. थेंब घरंगळून खाली गेले. "पाहून घ्या भाऊ, इम्पोर्टेड!" भाव मला झेपला. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हे लिहायला आज लाज वाटते.

तांदूळ आणायला गावी गेलो, तेव्हा जॅकेट सोबत नेलं. सकाळी उठून पाहतो तर ते तारेवर वाळत होतं. मायने रात्रभर सोड्यात भिजवून, दगडावर मोगरीने बडवून धुतलं होतं. कॉलरच्या आत हळदीचं बोटही लावलं होतं.

"माय, काऊन धुतलं?"

"ढिगातला कपडा. मेलेल्या गोऱ्याचा असन. तसाच आंगात घालतेत का?"

"त्याले पाणी लागत नाई म्हणून घेतलं होतं न!"

"पाणी लागत नाई त मंग धुवाचा कसा?" ती म्हणाली. "असा कसा कपडा बनवतेत?"

जॅकेटवर तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. सगळं आत मुरलं.

तरी पुढच्या रविवारी तेच घालून गेलो. मॅनेजरांनी छातीवरचा भरतकामाचा माणूस पाहिला आणि "व्हेरी गुड" म्हणाले. त्यांना तेवढंच हवं होतं.

नवव्या भोकाशी पाऊस आला. साहेबांच्या अंगावर टोपीपासून बुटापर्यंत सगळं वॉटरप्रूफ होतं, आणि पहिला थेंब पडताच ते सगळे शेडकडे पळाले. मला वाटलं होतं, एवढी तयारी आहे म्हणजे आता खेळतील. ते भजी मागवून बसले. ज्यांचे फटके मी लिहीत होतो त्या साहेबांची एक काठी मागे राहिली होती, ती आणायला मला पाठवलं. परत येईपर्यंत अंगावर आणि खिशात सारखंच पाणी होतं. फटक्यांच्या कागदाचा लगदा झाला होता.

"हरकत नाही," साहेब खुशीत म्हणाले. "नवीन कागद घे. पाचव्या भोकाला चार लिही."

या खेळात कमी फटक्यांत भोक गाठणारा जिंकतो, आणि पाचव्याला त्यांनी तीन फटके नुसते गवतातच मारले होते.

"सात होते सर."

"चार रे."

"सात, सर. मला पाठ आहेत."

बाकीचे हसले. एकजण म्हणाले, "घ्या साहेब! तुमच्या मागे सीसीटीव्ही लावलाय!" साहेब हसले नाहीत.

थोड्या वेळाने मॅनेजरांनी मला बाजूला घेतलं. "जाऊन एवढंच म्हण, लिहिताना माझी चूक झाली. संपलं. पुढच्या रविवारी ये."

मी खाली पाहून ओली बाही पिळू लागलो, म्हणून त्यांना वाटलं मला कबूल आहे. ते माझ्या खांद्यावर हात ठेवणार होते, पण जॅकेट ओलं पाहून त्यांनी तो मागे घेतला.

"पण सर, लिहिलं ते बरोबरच होतं," मी म्हणालो.

ते काम गेलं आणि महिनाअखेरीस खोली सोडली. आता परीक्षेपुरता पहिल्या बसने चंद्रपूरला येतो, टिपणं मित्राकडून मागून घेतो. त्या दिवशीच्या कागदावर पाचव्यासमोर चारच आहेत असं ऐकलं. ते कुणी लिहिले मला माहीत नाही. मी लिहिले नाहीत.