गिरणीसमोरचा शनी

वीस फेब्रुवारी, शुक्रवार. मिठाईच्या डब्याच्या पुठ्ठ्यातून शनीचं कडं कापायचं होतं आणि रस्त्यावर सव्वातीन किलोमीटर मोजायचे होते. कडं दहा मिनिटांत झालं. मोजणीत अख्खी सकाळ गेली, कारण टेप तीस मीटरची होती आणि ती धरणारी आठवीची मुलं दर तीस मीटरला भांडत होती. एकूण एकशे आठ वेळा टेप टाकावी लागली. माळ पूर्ण झाली, असं मुख्याध्यापक म्हणाले.

गाव रेणापूर तालुक्यातलं. मी नांदेडची. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मग नोकरी सोडली, आणि तेव्हापासून आम्ही तिघीचौघी मिळून शाळाशाळांतून आकाशाचे कार्यक्रम करतो. आरशानं सूर्य भिंतीवर पाडून त्याचे डाग मोजायचे, काठीच्या सावलीवरून दुपार ठरवायची, दुर्बीण लावायची. लोक आम्हाला 'ग्रहवाल्या बाई' म्हणतात. त्यातून जो गैरसमज व्हायचा तो होतोच. देगलूरला एका गृहस्थांनी दुर्बिणीतून चंद्र बघितला, मान डोलावली आणि तळहात पुढे केला.

इथला बेत साधा होता. शाळेच्या फाटकावर एक मीटर रुंदीचा सूर्य. त्यासाठी गच्चीवर गंजत पडलेली जुनी टीव्हीची छत्री पिवळी रंगवली. सूर्य एवढा धरला तर बाकीचे केवढे आणि किती लांब, ते मुलांनी गणित करून काढलं आणि सामान घरून आणलं. बुध म्हणजे ज्वारीचा दाणा, बेचाळीस मीटरवर. शुक्र आणि पृथ्वी म्हणजे हरभरा. मंगळ तुरीचा दाणा. गुरू म्हणजे सोललेला नारळ, शनी मोठं कवठ, शेवटचे दोघे लिंबं. प्रत्येक ग्रहाला एक खांब, एक पाटी आणि माहिती सांगणारी दोन मुलं. रविवारी गावातल्यांसाठी, सोमवारी आसपासच्या शाळांसाठी.

आता अंतर हे अंतर असतं. ते कुणाचं दार बघत नाही. गुरू पाचशे साठ मीटरवर येतो, आणि पाचशे साठ मीटरवर या गावात देशी दारूचं दुकान आहे. दुकानदाराला आनंद झाला. त्यानं खांबाला स्वतः हार घातला. मंगळाचं मला थोडं टेन्शन होतं, पण तुरीचा दाणा एवढासा की कुणाच्या पत्रिकेत शिरेल असं कुणालाच वाटलं नाही. शनी हजारावर तीस मीटरला. तिथं पिठाची गिरणी.

फक्कीची पांढरी फुली मारली तेव्हा गिरणीवाल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या मागं पंधरा वर्षं गिरणी चालवलेली बाई. पापण्यांवरसुद्धा पीठ.

"हे काय करायलाव बाई?"

"इथं शनी येणार आहे. रविवारी आणि सोमवारी."

त्यांनी गिरणीचा पट्टा बंद केला. एवढी शांतता झाल्यावर मला कळलं की प्रकरण सोपं नाही.

"ऐतवारी माझ्या पोरीला बघाय पावणे येणारेत," त्या म्हणाल्या. "तीन जागा मोडल्या हेच्या आधी. एक जागा निसती पत्रिकेवरून मोडली. आन तुमी माझ्या दारात शनी रवायलाव?"

"अहो, ते कवठ आहे."

"कवठाला कोण भ्यालंय? पाटीवर काय लिवलंय ते सांगा."

पाटीवर ठळक अक्षरात 'शनी' लिहिलेलं होतं. आठवीच्या मुलीनं फार मेहनतीनं रंगवलं होतं.

"गुरू ठेवा की हितं," त्यांनी तोडगा काढला. "पोरीला गुरुबळ तरी मिळंल. शनी न्या तिकडं दारूच्या दुकानाम्होरं. तिथं जे हायेत त्यांची साडेसाती लागलेलीच हाय."

मुख्याध्यापकांना हे लगेच पटलं. "मॅडम, साडेचारशे-पावणेपाचशे मीटरचा तर प्रश्न आहे. कोण मोजायला बसलंय?"

मी सकाळपासून मोजतच बसले होते. त्यांना म्हटलं, अदलाबदल करायची असेल तर टेप कशाला टाकली, सगळे ग्रह शाळेच्या व्हरांड्यात ओळीनं मांडू आणि घरी जाऊ.

बाईंनी हात जोडले असते तर मी बधले नसते. हात जोडणारी माणसं खूप बघितली आहेत. पण त्या नुसत्या म्हणाल्या, "तुमचा कार्यक्रम पुढच्या वर्साला बी व्हईल." आणि आत गेल्या. मागच्या खोलीच्या दारात ती मुलगी उभी होती. बी.एस्सी. झालेली. तिनं माझ्याकडं बघून खांदे उडवले. तिला शनीचं काही नव्हतं, पण चौथ्यांदा पोहे घेऊन बाहेर यायचंही नव्हतं. ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

रात्री लातूरला मावसबहिणीकडे वही काढली आणि मार्ग सापडला. ग्रहांची वाट पूर्ण गोल नसते. शनी कधी सूर्याच्या थोडा जवळ असतो, कधी थोडा लांब. आमच्या मापानं जवळात जवळ नऊशे पंच्याहत्तर मीटर, लांबात लांब एक हजार पंच्याऐंशी. म्हणजे गिरणीच्या अलीकडे पंचावन्न मीटर किंवा पलीकडे पंचावन्न मीटर, कुठंही खांब रोवला तरी खोटं ठरत नाही. विज्ञानात एवढी सवलत असते हे मी मुलांना कधी शिकवलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते खूश झाले.

"अलीकडे काय येतंय?"

"सरपंचांचं फाटक."

"मग पलीकडं घ्या," ते श्वासही न घेता म्हणाले. "पलीकडं वस्ती आहे, विहार आहे. त्यांच्यात शनीबिनी मानत नाहीत. त्यांना चालतंय."

मलाही ते सोयीचं वाटलं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटलं. कवठ, कडं, पाटी घेऊन मी आणि ती पाटी रंगवणारी मुलगी विहारापाशी गेलो. अंगणात एक निवृत्त एसटी कंडक्टर पेपर वाचत बसले होते. जय भीम झालं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, तिकीट तपासावं तशी पाटी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "मॅडम, शनी आज कुठं हाय? खरा म्हंतो मी. आज."

मला खोटं बोलता आलं असतं. पण शेजारी आठवीची मुलगी उभी होती आणि तिनं गणित केलं होतं.

"आज साधारण मधल्या अंतरावर आहे," मी म्हटलं. "म्हणजे गिरणीसमोर."

"आन हितं?"

"इथं सात-आठ वर्षांपूर्वी होता."

"म्हंजे बस निघून गेल्यावर आमाला थांबा देलाव."

मुलगी हसली. मी नाही हसले. मग त्यांनी पेपरची घडी घातली. "ठेवा. पोरं बघतील, चांगलं हाय. शनीचं आमाला कायच न्हाई. पण गावाला जे नको ते आमच्याकडं, ही पद्दत आमाला ठाऊक हाय. तुमी नांदेडवरून येऊन तीच गणितानं करून दावलाव, एवढंच."

खांब रोवला.

रविवारी कार्यक्रम चांगला झाला. गावातल्या निम्म्या लोकांना पृथ्वी सापडलीच नाही, कारण दहा वाजता एका कोंबडीनं ती खाल्ली. खिशातला दुसरा हरभरा लावला. सगळ्यात जास्त गर्दी गुरूपाशी होती, पण ती रोजच असते. शनीपाशी विहारातली लहान मुलं कड्याला बोट लावून बघत होती, आणि कंडक्टर त्यांना रांगेत उभं करत होते, "मागं सरका, मागं सरका" म्हणत.

साडेअकराला गिरणीसमोर जीप थांबली. पाहुणे उतरले. मुलाचे मामा रस्त्यात उभे राहून फक्कीच्या रेघेकडे बघायला लागले. फुली मी पुसली होती, तरी थोडी पांढरी उरली होती. त्यांनी चपलेनं ती घासून पाहिली, "हितं कबड्डी व्हती का?" असं एकाला विचारलं आणि आत गेले.

चारच्या सुमाराला बाई पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत आल्या. मुलगी पसंत पडली होती. मुलगा पुण्याला नोकरीला, पत्रिका बघायचा त्यांच्यात प्रघातच नव्हता. हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि त्याच दमात म्हणाल्या, "बगा बाई, हटवला म्हून जमलं."

"अहो, पण ते पत्रिका मानतच नाहीत ना?"

"तेच म्हंते मी. शनी दारात न्हवता म्हून असले पावणे आले."

वीस वर्षांच्या नोकरीत मुलांना कार्यकारणभाव शिकवला. हे वाक्य ऐकून पेढा तोंडात टाकला. मुख्याध्यापकांनी दोन घेतले. "मॅडमची कृपा," ते म्हणाले. दारात जाता जाता बाई थांबल्या. "उद्या बी तिकडंच ठेवनार न्हवं? माझ्या दारात नको हां. सुपारी फुटूस्तोवर तरी."

"तुमच्या दारात ठेवणार नाही," मी शब्द दिला.

सामान आवरायला विहारापाशी गेले, तर कंडक्टर खांब धरूनच उभे. "उद्या मोकळाच ऱ्हातोय मी," ते म्हणाले. "शाळांची पोरं येतील, त्यांनी विचारलं शनी हितं का, तर काय सांगू?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होते, आणि म्हणून जास्त लागलं.

सोमवारी मी लातूरहून पहिली गाडी धरली. सातला विहाराच्या अंगणातला खांब उपटला आणि खांद्यावर टाकून टेप धरत मागे चालायला लागले. गिरणीपुढून जाताना थांबले नाही. एकशे दहा मीटर मोजले आणि सरपंचांच्या फाटकाशेजारी दगडानं खांब ठोकायला लागले. आवाजानं सरपंच बाहेर आले. अंगात बनियन, तोंडात ब्रश.

"मॅडम, ह्ये काय? माझ्या दारात शनी?"

"तो इथं अजून आलेला नाही," मी म्हटलं. "सहा-सात वर्षांनी येणार आहे."

त्यांनी ब्रश बाहेर काढून हिशेब केला. "सा-सात वर्सांनी? तवर आपली मुदत संपती की."

"संपते."

"मग ठोका," ते म्हणाले आणि चूळ भरायला आत गेले.

मी खांब हलवून पाहिला, पक्का बसला होता. पाटीवर 'शनी'च्या खाली खडूनं दोन ओळी लिहिल्या: काल पलीकडे होता, आज अलीकडे आहे, का ते गणित करून सांगा. मग खांबापाशी फक्कीची नवी फुली मारली आणि शाळेकडे निघाले, कारण फाट्यावरून पहिल्या शाळेचा टेम्पो येताना दिसत होता आणि पृथ्वी अजून लावायची होती.