धुळीत शेजारी आडवे झालेले सुभेदार तात्या

सुभेदार तात्या काळोखे यांची माझी पहिली भेट धुळीत, पालथे पडलेल्या अवस्थेत झाली. लढाईवरून परतून मला चारच महिने झाले होते. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावी दुष्काळी कामावर विहिरीचे खोदकाम चालू होते. सुरुंग उडाला आणि मी डोके हातांत धरून स्वतःला जमिनीवर झोकून दिले. मजूर हसले. "पाकिस्तान आलं रं!" कोणीतरी ओरडले. तेवढ्यात एक वयस्क गृहस्थ पांढऱ्या स्वच्छ धोतरासकट माझ्याशेजारी आडवे झाले. हसणे थांबले.

"कुठं हुतास?" त्यांनी हळूच विचारले.

"बंगालच्या बाजूला."

"मी बर्मात. घरी आल्यावर दोन वर्सं खाटंखाली निजायचो. उठायची घाई करू नगंस."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मुकादमाकडून सुरुंगाआधी वाजवायची शिट्टी मागून घेतली आणि ती माझ्या हाती दिली. मी वाजवल्याशिवाय वात पेटायची नाही. आवाज कधी होणार हे आता मीच ठरवत होतो. महिनाभर तात्या रोज माझ्याजवळ उभे राहिले. एके दिवशी सुरुंग उडाला आणि मी उभाच होतो.

पुढे दर सोमवारी लढाईवरून आलेले आम्ही चौघे त्यांच्या ओसरीवर जमू लागलो. बोलण्याची सक्ती नसे. जेवल्याशिवाय मात्र तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, उठू देत नसत. गावाने आम्हाला 'येड्यांची पलटण' म्हटले. असे म्हणणारे काहीजण आज तात्यांच्या साठीनिमित्त हा गौरव अंक काढणाऱ्या समितीत आहेत, हे मी मुद्दाम लिहितो.

आमच्यातला सखाराम फारसा बोलतच नसे. त्याच्या उपचारांचा अर्ज घेऊन तात्यांनी जिल्ह्याच्या सैनिक कचेरीत तीन खेपा घातल्या. शेवटच्या खेपेला कारकुनाने सखारामला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"जखम कुठं हाय याला?"

तात्या म्हणाले, "साहेब, दिसली असती तर तुमच्याकडं आलो नसतो."

अर्ज परत आला. घरच्यांनी सखारामला देवऋषीकडे नेले, तिथे त्याला मार बसला. पुढच्या सोमवारी तो ओसरीवर आला नाही. त्याने जीव दिला होता. लढाईहून आला तेव्हा त्याला हार घालून मिरवणारे त्याच्या मयतीला फिरकले नाहीत.

"मी त्याला घरी जाऊ द्यायला नगं हुतं," असे तात्या अजूनही म्हणतात. आयुष्यात त्यांचा शब्द मी कधी खोडला नाही, आज खोडतो. तात्या, चूक तुमची नव्हती. ती आम्हा सगळ्यांची होती.

तात्यांना साठ वर्षे पूर्ण झाली. या वयात माणसाने ओसरीवर निवांत बसावे. पण मागच्याच आठवड्यात राहुरीकडची एक बाई आपल्या फौजी नवऱ्याला हाताला धरून एस.टी.तून घेऊन आली. दुसरीकडे कुठे न्यावे, हे तिला कोणी सांगू शकले नव्हते. म्हणून तात्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, अशी प्रार्थना करताना मला आनंदापेक्षा शरमच अधिक वाटते.