फ्रीगंजात उतरलेले मंगळवाले

चार माणसं मिळून एक पुस्तक वाचायला बसली, की पुस्तक चार महिन्यांत संपतं. किस्से मात्र साठत जातात, आणि सगळेच काही हसून सांगण्यासारखे नसतात. तरी सांगते.

उज्जैनच्या फ्रीगंजात भाऊसाहेबांच्या हॉलमध्ये दर मंगळवारी आमचं मराठी वाचन मंडळ भरतं. भाऊसाहेब बँकेतून रिटायर झालेले, विज्ञानाचे कट्टर भक्त. "पोथ्या पुरे झाल्या!" म्हणत त्यांनीच ती जुनी कादंबरी काढली. मंगळावरचे जीव पृथ्वीवर हल्ला करतात, ती. मराठी अनुवाद, मुखपृष्ठावर लालभडक मंगळ.

*

पहिल्याच दिवशी मंगळवाले पृथ्वीवर उतरले आणि शेजारचे दुबेजी खूश! दुबेजींना मराठी कळतं, बोलतात मात्र हिंदी.

"अरे भाऊसाहब, मंगल की तो पैदाइश ही उज्जैन की है, मंगलनाथ मंदिर की! हमला काहे का? छुट्टी में घर आए हैं बेचारे!"

सगळे हसलो. भाऊसाहेब सोडून. "मंगळ म्हणजे दगड आणि धूळ! माणसाच्या आयुष्याशी त्याचा काडीचा संबंध नाही!" त्यावर अर्धा तास लेक्चर. मला ते शब्द न् शब्द पाठ आहे.

*

लोक घरंदारं टाकून पळतात, तो भाग चालला होता. भाऊसाहेबांनी विचारलं, "तुम्ही काय घेऊन पळाल?"

दुबेजी म्हणाले, "बीपी की गोली."

भाऊसाहेबांच्या मिसेस, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "निखिलची फाइल. मार्कशीट, पासपोर्ट, पत्रिका." निखिल त्यांचा एकुलता एक.

"जग बुडतंय आणि ही पत्रिका घेऊन पळतेय!" भाऊसाहेब ओरडले. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मी हसले होते. आता त्याची लाज वाटते.

*

एकदा देवास गेटहून ऑटो केली. ऑटोवाल्यानं आरशातून माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं.

"दीदी, मंगलनाथ चलना है? मंगलदोष की पूजा? पंडितजी अपनी पहचान के हैं."

"नहीं भैया, ये तो नॉवेल है."

"सब यही बोलते हैं, दीदी. बिटिया के लिए है ना?"

मी पुस्तक पिशवीत कोंबलं. माझ्या केतकीला मंगळ आहे, हे त्याला कुणी सांगितलं!

*

मग भाऊसाहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्याऐवजी वाचायला केतकी येऊ लागली. इंदूरला नोकरी करणारा निखिलही नेमका मंगळवारीच घरी येऊ लागला. दुसऱ्या महिन्यात दोघांनी आम्हाला सांगून टाकलं, लग्न करायचंय.

"पोरीचं वाचन काय स्वच्छ आहे! ही तर आमच्याच घरात हवी," भाऊसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले. मी घरी जाऊन साड्यांचं कपाट उघडलं.

पुढच्याच मंगळवारी ते मला गेटपर्यंत सोडायला आले. आवाज एकदम खाली. "ताई, केतकीची पत्रिका द्याल का? मी तर काही मानत नाही. हिचा आग्रह आहे."

खिडकीतून वहिनींचा आवाज आला, "माझं नाव कशाला घेता?"

*

मी पत्रिका दिली. भाऊसाहेबांचं उत्तर व्हॉट्सॲपवर आलं. कडक मंगळ आहे. विज्ञान आपल्या जागी, पण एकुलता एक मुलगा आहे, रिस्क नको. खाली जोडलेले हात, दोन वेळा.

निखिलचं मंगळवारी येणं बंद झालं. ऑफिसात काम वाढलं म्हणे. मी त्याला फोन केला नाही. केला असता तर तोंडातून काय गेलं असतं, सांगता येत नाही.

*

शेवटचं प्रकरण राहिलं होतं. मी केतकीला म्हटलं, आपण नको जाऊ या. ती म्हणाली, "अर्धवट का सोडू, आई? वाचायला मी घेतलंय."

गेलो. मोठमोठ्या तोफांना न हटलेले मंगळवाले इथल्या साध्या जंतूंनी मरतात, ते सगळं तिनं वाचलं. आवाज कुठेही हलला नाही. वहिनी दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

सवयीनं भाऊसाहेबांनी समारोप केला, "तर असे सगळे मंगळवाले मेले आणि माणसं वाचली!"

केतकीनं पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं आणि चपला घातल्या.

"सगळे नाही हं काका. एक जिवंत आहे. चालत घरी निघालीये."