आमचे साडू, मनाच्या डॉक्टरचे पेशंट

अख्ख्या मराठवाड्यात माझ्या साडूंइतके कमी प्रश्न विचारणारे मास्तर सापडायचे नाहीत, आणि पोरांबद्दल त्यांच्याइतकं ठाऊक असणारेही. पूर्णा जंक्शनजवळच्या एका शाळेत ते सहावी ते आठवीला भूगोल शिकवत. भूगोल किती शिकवला ते देवच जाणे. त्यांचा एक विद्यार्थी आजही ब्रह्मपुत्रा गुजरातेतून वाहते असं छातीठोक सांगतो. पण सातवीतलं कोणतं पोर न जेवता आलंय, कुणाच्या घरी भांडण झालंय, कुणाला फुटलेल्या मिसरुडाची लाज वाटायलीय, हे त्यांना पोराच्या चालीवरून कळे. "या वयाची लेकरं लय एकटी असतेत," ते म्हणत. "लहानं खेळायला घेत न्हाईत, मोठे बोलायला घेत न्हाईत."

त्यांचा सिद्धांत असा, की पोराला समोर उभं करून 'काय झालं?' विचारलं की ते 'कायबी न्हाई' म्हणतं. हाताला काम दिलं की तोंड आपोआप सुटतं. म्हणून मधल्या सुट्टीत ते लिंबाखाली तरट टाकून बसत आणि पुढ्यात शेंगांचा ढीग ओतत. हिवाळ्यात तुरीच्या, एरवी भुईमुगाच्या, उन्हाळ्याच्या तोंडावर चिंचा. ज्याला वाटेल त्यानं यावं, सोलावं, खावं, बोलावं किंवा गप्प बसावं. उरलेलं सगळं घरी येई. "दुसऱ्याच्या लेकरांचं दुःख आमी रोज आमटीत खातो," असं आमच्या मोठ्या मेव्हणीबाई कपाळाला हात लावून सांगत. एका लग्नात आमचे सासरेबुवा रुसून मांडवाबाहेर बसले, तेव्हा सगळे विनवून थकले. साडू मात्र मूठभर शेंगा घेऊन शेजारी टेकले आणि मुकाट्यानं सोलत राहिले. पंगत उठायच्या आत सासऱ्यांनी स्वतःहून सांगितलं, की त्यांना हळदीला कुणी बोलावलंच नव्हतं.

सातवीतली एक मुलगी होती. नाव सांगत नाही. कविता म्हणायला उभी राहिली की शेजारचा वर्ग शांत होई, असा तिचा आवाज. दिवाळीनंतर ती रोज पोट धरून घरी जायला लागली. आईनं दृष्ट काढली. शाळेत कुणी ढोंगी म्हटलं. ती शेंगांजवळ येऊन बसे, पण तोंडातून शब्द नाही, आणि साडूही तो काढायला जात नसत. एका दुपारी लांब इंजिनाची शिट्टी वाजली आणि तिच्या हातातली शेंग गळून पडली.

"सर," खाली बघतच ती म्हणाली, "शिट्टी वाजली की मला वाटतं, आमच्या पप्पाला गाडीनं उडिवलं."

तिचे वडील रेल्वेत गँगमन, दिवसभर रुळावर. एक सोबती थोडक्यात वाचल्याचं ते घरी जेवताना बोलले होते आणि पोरीच्या कानावर पडलं होतं. साडूंनी उपदेश केला नाही. "लय भेव वाटत असंल," एवढंच म्हणाले. पोरगी तिथंच हमसून रडली.

संध्याकाळी साडू तिच्या घरी गेले. परभणीला मनाच्या डॉक्टरकडे नेऊ म्हणताच वडील उखडले. "पोरगी काय याडी हाय का सर? लोकं काय म्हणतील?"

"लोकांला सांगा, सरालाच दवाखान्यात न्यायलाव. सोबतीला पोरगी घेतली."

आणि खरंच, दारात रेल्वे असताना पोरीसाठी एसटीनं सगळे परभणीला आले. मी परभणीतच राहतो, म्हणून मीही दवाखान्यात गेलो होतो. साडूंनी पहिला केसपेपर स्वतःच्या नावाचा काढला. "तुम्हाला काय त्रास?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "शाळेचा," साडू म्हणाले. दारातली सगळी रांग हसली, तशी ती पोरगीही हसली. बाईंनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. विचारता विचारता निघालं, की साडूंना कित्येक महिने धड झोप नव्हती. पोरांचं ऐकलेलं सगळं घेऊन ते तळमळत पडत. त्यांनाही पुन्हा बोलावलं. तेव्हापासून कुठल्याही लग्नकार्यात ओळख करून देताना ते छाती काढून सांगतात, "आमी मनाच्या डॉक्टरचे पेशंट हाव!" आणि मेव्हणीबाई पदरानं तोंड झाकतात.

त्या दिवशी मग बाईंनी पोरीशी एकटीशी बोलून झाल्यावर वडिलांनाही आत घेतलं. वडिलांनी तिला समजावलं, की आमचं काम चालू असताना एक माणूस निस्तं गाडीवर ध्यान ठेवून उभा राहतो.

"त्याचं ध्यान न्हाई राहिलं तर?" पोरीनं विचारलं.

वडील म्हणाले, "त्याला बी तुझ्यावाणी पोरगी हाय, बाळा."

भीती एका दिवसात गेली नाही. दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, श्वासाचा सराव झाला, मधेच परत पोटही दुखलं. पण पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनात ती स्टेजवर कविता म्हणत असताना नेमकी शिट्टी वाजली. ती थांबली. मंडप थांबला. तिनं डोळे मिटून श्वास घेतला, हळू सोडला, आणि पुढची ओळ पहिल्यापेक्षा मोठ्यानं उचलली. माझ्या शेजारी साडू टाळ्या वाजवायचं विसरून नुसते बघत होते. मी मात्र मागच्या अनोळखी माणसाला वळून सांगितलं, "हे आमचे साडू."

यंदा त्यांची बदली चारठाण्याकडं झाली. सामान हलवायला मी टेम्पो घेऊन गेलो होतो. निरोपाच्या भाषणाला साडू उभे राहिले आणि त्यांना बोलताच येईना. हेडसर गडबडीनं पाणी घेऊन धावले. तेवढ्यात ती मुलगी उठून त्यांच्याजवळ गेली. तिचंही आठवीचं वर्ष संपत आलं होतं.

"लय वाईट वाटायलंय गं," साडू कसंबसं म्हणाले.

"वाटू द्या सर," ती म्हणाली. "आमी हाव इथं."

'रडू नका' असं एकाही पोरानं म्हटलं नाही. सगळा वर्ग त्यांच्याभोवती येऊन बसला आणि गप्प बसून राहिला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी जाऊन त्याला म्हटलं, बाबा, जरा दम धर.