आधी पट्टे, मग तुंबा

रुकान्यान्कोच्या खोऱ्यात रोसामेल उएनुपेची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. बर्फ हटवायचा लोडर थांबवला की तो माणसांकडे बघायचाच नाही. फावडं घेऊन खाली उतरायचा, लोडरच्या लोखंडी पट्ट्यांत आणि दातेरी चाकांत ठासून बसलेला बर्फ खरवडून काढायचा, आणि मगच ‘काय म्हणता?’ असं विचारायचा. चालताना पट्टे तापतात, त्यांच्यातला बर्फ पाघळतो. मशीन उभं राहिलं की तेच पाणी गोठतं आणि एवढं लोखंड जमिनीला शिवून टाकल्यासारखं बसतं.

“तिच्या पायांची एवढी सेवा!” त्याची बायको क्लोरिंदा म्हणायची. “माझ्या टाचांना कधी तेल लावलंस?”

“तू कुठं थिजतेस? तू तर पेटतेस.”

हे मशीन कुणी दान दिलेलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी बर्फात वाट बंद झाली आणि एक बाळंतीण गेली, तेव्हा अख्ख्या खोऱ्यानं खालचा पूल तीन दिवस अडवून धरला. रोसामेल आणि त्याचा जिवलग सोफानोर काल्पान पोलिसांच्या गाडीपुढं आडवे पडले. मग साहेब आले, फोटो निघाले, पिवळा लोडर आला. त्याच्यासोबत ना मेकॅनिक आला, ना शिकवणारा. यंत्र दिलं म्हणजे रस्ता दिला, असं साहेबांना वाटतं.

रोसामेल कानानं शिकला. डिझेल दर वर्षी उन्हाळ्यातलंच यायचं, कारण कचेरीच्या कागदावर बर्फ पडत नाही. तो त्यात रॉकेल मिसळायचा, नाहीतर ते तुपासारखं थिजून फिल्टर चोंदायचा. संध्याकाळी टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत दव धरत नाही. बॅटरी काढून घरी न्यायची. ती रात्रभर चुलीशेजारी झोपायची. मशीन उभं करायचं ते फळ्यांवर. सकाळी ऑइलच्या चेंबरखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवायचं, अर्धा तास थांबायचं आणि मगच चावी फिरवायची. बारा हिवाळ्यांत हे सगळं आणि पट्टे खरवडणं त्यानं एकदाही चुकवलं नाही. चुकलं ते फक्त त्या ऑगस्टमध्ये; या खोऱ्यात ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा.

आठवडाभर बर्फ पडत होता. आरागिरणीचा भुसा जन्मभर छातीत घेतलेला सोफानोर ऑक्सिजनच्या नळीवर होता. सकाळी रेडिओवर त्याची बायको एदेल्मिरा बोलली, “भाऊजी, हा शेवटचा सिलिंडर. चारपर्यंत पुरेल.” भरलेले सिलिंडर घेऊन गाडी पुलापाशी उभी होती. मध्ये सात किलोमीटर रस्ता छातीइतक्या बर्फाखाली.

“येतो, वहिनी. त्याला म्हणावं, गप पडून राहा. भाषण नको.”

आठला रोसामेल सोफानोरच्या दारापासूनच वाट काढत निघाला, खाली पुलाकडं. अकरा वाजले तेव्हा निम्मा रस्ता मोकळा झाला होता. वळणावर उबेर्लिंदा मावशीचं घर लागलं. म्हातारी दारात उभी होती, काळी शाल, हातात येर्बाच्या कडू चहाचा वाफाळता तुंबा.

रोसामेलनं वेग कमी केला. तिचा नवरा जाऊन सहा दिवस झाले होते. वाट बंद, म्हणून एकही माणूस भेटायला आलेला नव्हता. या खोऱ्यात दुःखाच्या घरावरून पहिला जाणारा माणूस तसाच पुढं जात नाही. तो उतरतो, तुंबा घेतो, गेलेल्याबद्दल दोन शब्द ऐकतो. आणि अशा दारापुढं इंजिन घरघरत ठेवत नाहीत.

त्यानं इंजिन बंद केलं. हात सवयीनं फावड्याकडं गेला. पण म्हातारी त्याच्याकडंच बघत होती. तिच्यापुढं लोखंड खरवडत बसायचं? त्यानं फावडं तसंच ठेवलं.

दहा मिनिटं म्हणून बसला. पण सहा दिवस साठलेलं बोलणं दहा मिनिटांत संपतं होय? मध्येच उठायचं कसं, हे त्याला सुचेना. बाहेर आला तेव्हा पाऊण तास उलटला होता. इंजिन लागलं, पण पट्टे हलेनात. जोर लावला तर चाकाची मोटर फुटणार, हे त्याच्या कानानं त्याला सांगितलं. तो खाली उतरला आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावं तसं फावडं बर्फात आपटलं.

“काय झालं रे?”

“गाढवपणा झाला, मावशी. वर सोफानोरचा श्वास चारला संपतोय आणि मी इथं पाय गोठवून बसलोय.”

“आणि हे तू मला आत्ता सांगतोस?” म्हातारी कडाडली. “मी काय माझ्या मेलेल्यापायी जित्या माणसाला अडवणार होते? मेल्या, तोंड शिवलं होतं का तुझं?” ती आत गेली आणि पट्ट्यांवर ओतायला पाणी उकळत ठेवू लागली.

“पाणी नको! तेही गोठेल. निखारे द्या.”

त्या घरात एकच आग होती. गेलेल्यासाठी नऊ दिवस राखायची म्हणून म्हातारीनं जपलेली. ती क्षणभर थांबली. मग तिनं स्वतः घमेल्यात निखारे ओढले, एकामागून एक, चूल काळी पडेपर्यंत. तो पहारीनं बर्फ फोडत होता, ती निखारे सरकवत होती. दीड तासानं डावा पट्टा कुरकुरला, मग उजवा.

पुलापाशी पोचायला पावणेचार झाले. गाडी मोकळ्या झालेल्या रस्त्यानं वर सुटली. लोडर मागून सोफानोरच्या दारी पोचेपर्यंत अंधारू लागलं होतं. रोसामेलनं पट्टे साफ केले. एकेक दाता. आत जायची हिंमत होत नव्हती, म्हणून कदाचित दोनदा साफ केले.

आत सोफानोर उशीला टेकून बसला होता. ओठ निळे, नाकात नवी नळी. एदेल्मिरानं दुपारपासून सिलिंडरचा कॉक बारीक करून त्याला थेंबाथेंबानं जगवलं होतं.

“उशीर?” सोफानोरनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. “उबेर्लिंदाकडं तुंबा घेतला. पट्टे साफ न करता.”

“उतरलास ते बरं केलंस,” सोफानोर म्हणाला. एका वाक्यासाठी त्याला तीन श्वास लागले. “माझ्या दारातही उतर. पण आधी पट्टे.”

पुढच्या जूनमध्ये सोफानोर गेला. तेव्हाही बर्फ होता. रोसामेल वाट काढत त्याच्या दारापाशी आला, इंजिन बंद केलं. एदेल्मिरा बाहेर आली. काळी शाल, एका हातात तुंबा, दुसऱ्या हातात फावडं. फावडं तिनं त्याच्यापुढं केलं आणि तो खरवडत असेपर्यंत तुंबा तळहातानं झाकून तिथंच उभी राहिली.

आता त्या खोऱ्यात दुःखाच्या घरातली बाई दोन्ही हात भरूनच दारात येते.